स्फिंक्समधले तुटके संदर्भ : दर हंगामाला उद्भवणारं दुखणं

गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर एका कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला. "दादा, त्या पानावर 'दुसऱ्या वजनाची पावती बघा' असं लिवलंय, पण दाबलं तर कायबी होईना झालंय." बघतो म्हटलं. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. हेच त्याच्या आदल्या हंगामात झालं होतं, आणि त्याच्याही आदल्या. दोन्ही वेळा मी तेवढीच लिंक हातानं दुरुस्त केली, पानं पुन्हा चढवली आणि विसरून गेलो. तिसऱ्यांदा मात्र माझीच मला लाज वाटली. मग दोन दिवस बाकीचं काम बाजूला ठेवून मुळाशी गेलो. त्यात जे सापडलं ते इथं लिहून ठेवतो.

आमचं तिघांचं छोटं ऑफिस शाहूपुरीत आहे. काट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल पोर्टवर येणारा आकडा वाचायचा, तो गाडी नंबरशी जोडायचा, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं आणि पावती काढायची, एवढं करणारी एक पायथन लायब्ररी आम्ही सांभाळतो. तिचं डॉक्युमेंटेशन दोन तोंडांचं आहे. प्रोग्रामरसाठी एपीआयची पानं, जी कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातून, तयार होतात. आणि काट्यावर बसणाऱ्या माणसांसाठी मराठीत लिहिलेली मार्गदर्शिका. दोन्ही स्फिंक्सवर. स्फिंक्स म्हणजे गेओर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच डॉक्युमेंटेशनसाठी लिहिलेलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, साध्या मजकुरातून पानं तयार करणारं साधन. आज पायथनमधल्या कितीतरी मोठ्या लायब्रऱ्यांची पानं त्यातूनच निघतात, त्यामुळे हे दुखणं फक्त आमचं नाही.

एक खुलासा आधीच. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी फोनवर एकमेकांना सांगतो तशी, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

आधी त्याला बोलतं करा

स्फिंक्सची सगळ्यात त्रासदायक सवय म्हणजे गप्प बसणं. मजकुरात तुम्ही एखाद्या क्लासचा किंवा फंक्शनचा संदर्भ दिला आणि ते नाव त्याला सापडलं नाही, तर मुळातल्या सेटिंगनुसार तो काहीही बोलत नाही. नाव टाइपरायटरच्या अक्षरात छापतो, लिंक देत नाही, आणि बिल्ड, म्हणजे पानं बनवण्याचं काम, यशस्वी झालं म्हणून सांगतो. पानावर नाव दिसतं म्हणून आपल्यालाही वाटतं सगळं ठीक आहे. लेबलचा म्हणजे 'रेफ' प्रकारचा संदर्भ आणि पानाचा म्हणजे 'डॉक' प्रकारचा संदर्भ तुटला तर तो इशारा देतो, पण पायथनच्या नावांबाबत मौन.

हे मौन तोडायला 'निटपिकी' नावाचं सेटिंग आहे. कॉन्फ डॉट पाय या फाइलमध्ये ते 'ट्रू' करा, नाहीतर स्फिंक्स-बिल्डला डॅश छोटा एन द्या. पहिल्यांदा कराल तेव्हा छाती दडपेल एवढे इशारे येतील. आमच्याकडे टर्मिनल वर वर सरकत राहिलं आणि समोर बसलेल्या सहकारीनं विचारलं, "हॅक झालं का काय आपलं?" घाबरू नका. डॅश छोटा डब्ल्यू आणि पुढे फाइलचं नाव दिलं की सगळे इशारे त्या फाइलमध्ये जमा होतात. मग चहा घेऊन निवांत वाचा.

इथंच दुसरा सापळा आहे, आणि मला वर्षानुवर्षं फसवलं ते यानंच. स्फिंक्स वाचलेली पानं साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी फक्त बदललेल्या पानांवर काम करतो. ज्या पानाला हात लागला नाही त्याचा इशारा दुसऱ्यांदा येत नाही. म्हणजे काल दिसलेला इशारा आज गायब, आणि आपण समजतो की आपोआप बरं झालं! निदान करताना कायम डॅश मोठा ई आणि डॅश छोटा ए ही जोडी वापरा, किंवा बिल्डचं फोल्डर सरळ उडवा. अर्धवट बिल्डवर केलेलं निदान विश्वासाचं नसतं.

इशाऱ्यांची यादी हातात आली की लगेच वरून खाली दुरुस्त करत सुटायचं नाही. आधी बघायचं की एकाच मुळातून किती फुटलेत. आमच्या यादीतले अर्ध्याहून जास्त इशारे एकाच कारणाचे निघाले.

लक्ष्यच जन्माला आलं नव्हतं

लायब्ररीतला 'पोर्ट' मॉड्यूल सीरियल पोर्टशी बोलतो आणि त्यासाठी पायसीरियल नावाचं पायथन पॅकेज लागतं. माझ्या लॅपटॉपवर ते होतं. पानं जिथं तयार होतात त्या सर्व्हरवर नव्हतं. कोडमधून पानं काढणारा स्फिंक्सचा ऑटोडॉक हा भाग डॉकस्ट्रिंग वाचण्यासाठी मॉड्यूल खरोखर इम्पोर्ट करतो. इम्पोर्ट फसला की त्या मॉड्यूलमधला एकही क्लास नोंदला जात नाही, आणि त्या क्लासकडे बोट दाखवणारा प्रत्येक संदर्भ तुटतो. इम्पोर्ट फसल्याचा इशारा एकच ओळ असतो आणि तो यादीत अगदी वर, बाकीच्या गर्दीच्या आधी येतो. मी कायम शेवटचे इशारे बघायचो, म्हणून तो मला कधी दिसलाच नव्हता.

सर्व्हरवर पायसीरियल टाकणं हा एक उपाय. पण डॉक्युमेंटेशन बनवण्यासाठी यंत्राशी बोलण्यासाठी लागणाऱ्या लायब्रऱ्या चढवायच्या नसतील तर 'ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स' या यादीत त्या लायब्ररीचं नाव घाला. स्फिंक्स तिच्या जागी एक खोटं मॉड्यूल उभं करतो आणि इम्पोर्ट पार पडतो. मात्र तुमचा एखादा क्लास त्या खोट्या लायब्ररीतल्या क्लासपासून निघालेला असेल तर पानावर वंशावळ विचित्र दिसू शकते, तेवढं पान उघडून बघा.

याच जातीचं दुसरं कारण साधं आहे. ऑटोमॉड्यूल लिहिलं, पण त्याखाली 'मेंबर्स' हा पर्याय द्यायला विसरलो. मग मॉड्यूलची नोंद होते, आतल्या कशाचीच नाही. आणि डॉकस्ट्रिंग नसलेलं फंक्शन 'मेंबर्स' देऊनही वगळलं जातं. त्यासाठी 'अनडॉक-मेंबर्स' द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर ते देण्यापेक्षा दोन ओळींची डॉकस्ट्रिंग लिहा.

नाव एक, पत्ता भलताच

आता खरा गुंता. लक्ष्य जन्माला आलंय, पानावर डोळ्यांना दिसतंय, तरी संदर्भ जोडला जात नाही. अशा वेळी अंदाज करणं सोडा आणि नोंदवही उघडा. स्फिंक्स प्रत्येक एचटीएमएल बिल्डसोबत ऑब्जेक्ट्स डॉट इन्व्ह नावाची फाइल तयार करतो. कुठल्या नावाची वस्तू, कुठल्या प्रकारची, कुठल्या पानावर, पानातल्या कुठल्या जागेला (अँकरला), ही सगळी माहिती त्यात असते. सुरुवातीच्या चार ओळी साध्या मजकुराच्या, बाकीचं झेडलिबनं दाबलेलं, त्यामुळे एडिटरमध्ये उघडली तर कचरा दिसेल. पायथनला डॅश एम देऊन 'स्फिंक्स डॉट एक्स्ट डॉट इंटरस्फिंक्स' चालवा आणि पुढे त्या फाइलचा मार्ग द्या. अख्खी यादी वाचण्यासारखी छापून येते. ती ग्रेपमधून, म्हणजे शब्द शोधणाऱ्या आज्ञेतून, काढा. आपण लिहिलेलं नाव तिथं जसंच्या तसं आहे का, एवढाच प्रश्न.

आम्हाला काय दिसलं? आमचा 'वाचक' हा क्लास लिहिलाय एका आतल्या, अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या मॉड्यूलमध्ये. वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी तो पॅकेजच्या वरच्या पातळीवर आणून ठेवलाय. पानावर तो वरच्या छोट्या नावानं नोंदलेला. पण दुसऱ्या फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे नाव आणि पॅरामीटरच्या ओळीत, टाइप म्हणून तो आला की पायथन त्याचं जन्मगाव सांगतो, म्हणजे आतल्या मॉड्यूलचा लांबलचक पत्ता. नोंदवहीत तो पत्ता नव्हता. माणूस राहतो राजारामपुरीत आणि आधार कार्डावर अजून गडहिंग्लजचा पत्ता, तसला प्रकार.

स्फिंक्स ४.० पासून यावर 'कॅनॉनिकल' हा पर्याय आहे. त्यामुळे एका वस्तूची दोन्ही नावं नोंदली जातात, आणि ऑटोडॉक तो बऱ्याचदा स्वतःच लावतो. आम्ही एका जुन्या आवृत्तीवर अडकून बसलो होतो. आवृत्ती बदलली आणि एका झटक्यात बरेच इशारे गेले. जिथं क्लासचं वर्णन हातानं लिहिलं होतं तिथं तो पर्याय हातानं द्यावा लागला.

प्रकार चुकणं हे त्याच्याच शेजारचं कारण. गाडी नंबरसाठी आम्ही एक टाइप-उपनाव केलंय. नोंदवहीत ते 'डेटा' म्हणून बसलं होतं आणि संदर्भ 'क्लास' म्हणून मागत होता. नाव अक्षरन् अक्षर जुळतं, तरी सापडत नाही. हातानं लिहिलेल्या संदर्भात 'ऑब्ज' ही भूमिका (रोल) वापरली की ती प्रकार बघत नाही आणि जोडून देते.

आणि हसू आणणारा एक. एका डॉकस्ट्रिंगमध्ये परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार म्हणून कुणीतरी 'किलो' असं लिहून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच. स्फिंक्स इमानेइतबारे 'किलो' नावाचा क्लास शोधत होता. परतीच्या प्रकाराच्या जागेवर एकटा शब्द दिसला की तो त्याला क्लासचं नाव समजतो. तिथं 'फ्लोट' लिहायचं आणि किलो वर्णनात घालायचे.

"एकाहून जास्त लक्ष्यं सापडली" असा इशारा आला तर तो आपल्या आळसाचा पुरावा समजा. स्फिंक्समध्ये नावाच्या आधी टिंब दिलं की तो शेवट जुळणारं कुठलंही नाव शोधतो. लिहायला सोपं, म्हणून आम्ही सगळीकडे 'टिंब वाचा' असं लिहिलं होतं. वाचा नावाची मेथड तीन क्लासमध्ये आहे. कोल्हापुरात बाहेरगावच्या पार्सलवाल्याला नुसतं "तिसऱ्या गल्लीत या" म्हणून बघा. राजारामपुरीतही तिसरी गल्ली आहे आणि शाहूपुरीतही. आमचं एक इंडिकेटरचं पार्सल असंच अर्धा दिवस राजारामपुरीत फिरून आलं. तेव्हा क्लाससकट पूर्ण नाव लिहा. पानावर लांब नाव नको असेल तर आधी टिल्डे द्या, फक्त शेवटचा भाग छापला जातो.

दुसऱ्यांच्या पानांकडे जाणारे संदर्भ

पायथनच्या किंवा दुसऱ्या लायब्ररीच्या पानांशी जोडायचं काम इंटरस्फिंक्स करतं. ते दुसऱ्यांची ऑब्जेक्ट्स डॉट इन्व्ह नेटवरून आणतं आणि त्यात नावं शोधतं. तपासायची पद्धत वरचीच, फक्त फाइलच्या मार्गाऐवजी पत्ता द्यायचा. पत्ता 'लेटेस्ट'चा दिला असेल आणि त्यांनी नवीन आवृत्तीत एखादं फंक्शन काढलं असेल तर तुमचं काहीही न बदलता तुमचा संदर्भ तुटतो. ज्या आवृत्तीवर तुमचं कोड चालतं तिच्याच पानांचा पत्ता द्या.

आणलेली नोंदवही मूळ सेटिंगनुसार पाच दिवस जपून ठेवली जाते. याचा धडा मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलेलं, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, आमच्या ऑफिसातलं नेट गेलेलं. वरच्या मजल्यावर बसून एका कारखान्याला पानांची झिप फाइल करून द्यायची होती. बिल्ड व्यवस्थित होत होतं, कारण नोंदवह्या साठवलेल्या होत्या. पण निदानाच्या हौसेनं मीच डॅश मोठा ई दिला, साठा उडाला, आणि बाहेरचे सगळे संदर्भ गेले. तेव्हापासून लागणाऱ्या नोंदवह्यांची एक प्रत आम्ही रेपोमध्येच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, ठेवतो. इंटरस्फिंक्स मॅपिंगमध्ये पत्त्यासोबत 'नन' आणि त्या स्थानिक फाइलचं नाव अशी जोडी देता येते. आधी नेटवरून प्रयत्न होतो, जमलं नाही तर घरची प्रत.

मराठीत लिहिणाऱ्यांची खास दुखणी

इथपर्यंतचं कुठल्याही भाषेतल्या माणसाला लागू आहे. पण काट्यावरच्या मामांचा फोन ज्या लिंकसाठी आला होता, ती यातल्या कशानंही जुळली नाही. ती होती मराठी मार्गदर्शिकेतली, आणि तिथं आम्ही लेबलं देवनागरीत ठेवली होती. आपली भाषा, आपली लेबलं, अशी तेव्हाची भावना.

पावतीच्या पानावर मथळ्याच्या वर असं लेबल होतं:

.. _दुसऱ्या-वजनाची-पावती:

आणि गाडी आत घेण्याच्या पानावर असा संदर्भ:

:रेफ:`दुसर्‍या-वजनाची-पावती`

इशारा एकच, लेबल सापडत नाही. मी दोन्ही ओळी शेजारी ठेवून पाच वेळा वाचल्या. अक्षर न् अक्षर सारखं. सहकारीला वाचायला दिलं, तिनंही मोठ्यानं वाचलं. सारखंच. कंटाळून मी एक ओळ कॉपी करून दुसरीच्या जागी चिकटवली आणि चालू झालं. मागच्या दोन हंगामांत मी नेमकं हेच करून सुटलो होतो. पण दर वर्षी ती मार्गदर्शिका आमच्यापैकी कुणीतरी नव्यानं सुधारतो, संदर्भ हातानं टाइप करतो, आणि पुन्हा तेच.

या वेळी दोन्ही नावं पायथनच्या 'एस्की' फंक्शनमधून काढली. ते प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक उघडा करून दाखवतं. वरच्या ओळीत 'दुस' नंतर ०९३१, म्हणजे पायाखाली टिंब असलेला ऱ, मग ०९४डी म्हणजे हलन्त, मग या. खालच्या ओळीत ०९३० म्हणजे आपला नेहमीचा र, मग तोच हलन्त, मग २००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, ज्याला रुंदीच नाही असं अक्षर, आणि मग या. दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्यावर या शब्दांतली ती तिरकी रेघ युनिकोडमध्ये दोन वाटांनी काढता येते आणि दोन्हींचं चित्र एकच. आमची सहकारी इनस्क्रिप्टवर टाइप करते, तिथं शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो. मी उच्चारावरून टाइप करतो आणि माझा कीबोर्ड जॉइनरची वाट धरतो. स्फिंक्सच्या दृष्टीनं ही दोन वेगळी नावं. डोळ्यांना मात्र कधीच कळणार नाही.

एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणानं हे सुटेल असं वाटलं होतं. नाही सुटत. र आणि त्याखाली सुटा नुक्ता (टिंब) टाइप केला असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं, पण जॉइनरवाला प्रकार आणि ऱ-वाला प्रकार हे नियमानुसार समतुल्य धरलेच जात नाहीत. त्यामुळे उपाय एकच उरला, आणि तो करताना मला वाईट वाटलं: सगळी लेबलं रोमनमध्ये. वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत. रेफमध्ये आधी मराठी मजकूर आणि कोनी कंसात रोमन लेबल लिहिलं की पानावर मराठीच छापलं जातं. जुनी देवनागरी लेबलं आम्ही लगेच काढली नाहीत. एका मथळ्यावर एकाखाली एक दोन लेबलं चालतात, म्हणून नवीन वर, जुनं खाली, असं एक हंगाम ठेवलं.

दुसरं दुखणं विभक्तीचं. इंग्रजीत संदर्भानंतर मोकळी जागा येते. मराठीत आपण 'पावतीमध्ये', 'पावतीवर' असं जोडून लिहितो. म्हणून लिहिणारा सहज असं लिहितो:

:रेफ:`पावती <पावती-लेबल>`मध्ये

ही पानं ज्या लेखनपद्धतीत लिहितात त्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा नियम असा की शेवटच्या उलट्या अवतरणचिन्हानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं. लगेच अक्षर आलं तर तो शेवट मानलाच जात नाही. मग एकतर "सुरुवात आहे, शेवट नाही" असा इशारा, किंवा त्याहून वाईट, पुढच्या कुठल्या तरी चिन्हापर्यंतचा अख्खा मजकूर गिळला जातो. प्रत्ययाच्या आधी एक बॅकस्लॅश आणि एक मोकळी जागा द्या. ती जागा छापताना खाल्ली जाते आणि 'पावतीमध्ये' जोडूनच दिसतं. तो मजकूर वाचणाऱ्या डॉकयुटिल्समध्ये अक्षरपातळीवर मार्कअप ओळखण्याचं सेटिंगही आहे, पण ते चालू केलं की मधल्या अंडरस्कोरनी आणि ताऱ्यांनी दुसरीकडे गोंधळ होतो. मी बॅकस्लॅशच सुचवेन. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायची ही गोष्ट आहे.

तिसरं तर लपूनच बसतं, कारण याला इशाराच येत नाही. मथळ्यावरून अँकर तयार करताना डॉकयुटिल्स रोमन नसलेली अक्षरं गाळून टाकतो. अख्खा मथळा देवनागरीत असेल तर काहीच उरत नाही, म्हणून तो आयडी१, आयडी२ असे क्रमांक देतो. पानाच्या आतले संदर्भ त्यानं बिघडत नाहीत, बिल्डच्या वेळी ते योग्य क्रमांकाला जोडले जातात. पण कारखान्यातल्या कुणीतरी आमच्या पानाची आयडी४ वाली लिंक व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकली होती आणि ती पिन करून ठेवली होती. आम्ही मध्ये एक नवा भाग घातला. आयडी४ आता 'काटा शून्यावर आणणे' या भागाला लागला. लोक पावती शोधायला जात आणि शून्यावर आणण्याची कृती वाचत बसत. रोमन लेबल दिलं की अँकरही त्याच नावाचा होतो आणि हलत नाही. मार्गदर्शिकेतल्या प्रत्येक मथळ्याला लेबल, मग त्याचा संदर्भ आज कुठं दिलेला असो वा नसो, हा नियम आम्ही तेव्हा केला.

मथळ्यांवरून आपोआप लेबलं बनवणारं ऑटोसेक्शनलेबल हे एक्स्टेन्शन मी काढून टाकलं. तीन पानांवर 'पावती' हा मथळा होता आणि लेबलांची टक्कर व्हायची. पानाचं नाव आधी जोडायचं सेटिंग आहे त्यात, पण मथळ्यातला एक शब्द शुद्धलेखन म्हणून बदलला तरी संदर्भ तुटतो. मथळे बदलणारच. लेबल मथळ्याला बांधू नये.

परत होऊ नये म्हणून

सर्व्हरवरच्या बिल्डला आता डॅश छोटा एन आणि डॅश मोठा डब्ल्यू दिलेलं आहे. डब्ल्यूमुळे एकही इशारा आला तरी बिल्ड नापास होतं. स्फिंक्स ८.१ च्या आधीच्या आवृत्तीवर असाल तर सोबत 'कीप-गोइंग' द्या, नाहीतर पहिल्या इशाऱ्यालाच गाडी थांबते आणि एकेक दुरुस्त करत दिवस जातो. लेबलांत रोमनबाहेरचं अक्षर आलं तर कमिट, म्हणजे बदलाची नोंद, अडवणारी आठ ओळींची एक स्क्रिप्ट आहे. बाहेरच्या पत्त्यांची 'लिंकचेक' आम्ही प्रत्येक कमिटला लावत नाही, ती रात्री वेगळी चालते. दुसऱ्याचा सर्व्हर पाच मिनिटं झोपला म्हणून आमचं बिल्ड का पडावं?

'निटपिक इग्नोर' या यादीबद्दल सांभाळून. ज्या नावांचा इशारा नको ती तिथं घालता येतात, आणि पहिल्या दिवशी सगळंच तिथं कोंबायचा मोह होतो. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ती यादी इतकी वाढली होती की खरी चूक तिच्यात आरामात लपायची. आता तिथं तीन नोंदी आहेत. प्रत्येकीशेजारी कारण आणि तारीख लिहिलेली. दोन टाइपव्हारच्या (टाइपच्या जागी वापरायच्या चल-नावांच्या), एक अशा लायब्ररीची जिची नोंदवहीच नाही.

पान हलवायचं किंवा मॉड्यूलचं नाव बदलायचं असेल तर आधी जुन्या नावानं सगळ्या फाइलींत शोध घ्यायचा, मग बदल. 'डॉक' प्रकारचा संदर्भ देताना पानाचा मार्ग तिरक्या रेघेनं सुरू करायचा, म्हणजे तो मूळ फोल्डरपासून मोजला जातो आणि संदर्भ देणारं पान हलवलं तरी टिकतो.

मामांना मी नवीन लिंक पाठवली. त्यांनी उघडून बघितली आणि म्हणाले, "आता उघडतंय बघा. पण त्या पावतीच्या फोटूतला गाडी नंबर दिसंना झालाय, तेवढा मोठा करा की." तो स्क्रीनशॉट अजून बदलायचा राहिलाय.